सांगोला आणि बारामती : बालेकिल्ले दोन, तऱ्हा वेगळ्या

बारामतीत 1967 पासून 2024 पर्यंत प्रत्येक विधानसभा निवडणुकीत निवडून आलेल्याचं आडनाव एकच : पवार. आधी शरद पवार, 1991 च्या पोटनिवडणुकीपासून अजित पवार. पक्ष आणि चिन्हं मात्र बदलत राहिली. मतदारांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. 2019 मध्ये मताधिक्य दीड लाखाच्या वर गेलं. 2024 मध्ये अजित पवार आणि त्यांचा पुतण्या युगेंद्र असे काका-पुतण्याच घरातल्या घरात लढले आणि काका लाखभर मतांनी जिंकले.

सांगोल्याची गोष्ट मला जास्त रंगतदार वाटते. गणपतराव देशमुख 1962 पासून 11 वेळा आमदार झाले, तेही एकाच शेकापकडून (शेतकरी कामगार पक्ष). सत्ता बहुतेक काळ दुसऱ्यांची, पण लाल बावटा काही सुटला नाही. तरी हा मतदारसंघ कुणाला आंदण दिलेला नव्हता. 1972 ला ते पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवलं. 2019 ला गणपतराव रिंगणाबाहेर, नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी पडले. जिंकणारे पुन्हा बापूच, पुढे ‘काय झाडी, काय डोंगार’ या संवादाने गाजलेले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत आणली. त्या वर्षी राज्यात शेकापला मिळालेली ही एकमेव जागा.

घराणं शेवटी दोन्हीकडे आलंच. पण सांगोल्यात मतमोजणीच्या दिवशी शेवटच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, बारामतीत दुपारीच गुलाल उधळतात.