नळयोजनेचं कनेक्शन घ्यावं का? कामठीकडच्या लेआउटवाल्यांसाठी माझं मत

नागपूरजवळच्या कामठीच्या पुढे नवीन लेआउटमध्ये घर बांधणारा प्रत्येक जण विचारतो, बोअर मारली की भागतं का, की नळाचं कनेक्शनही घ्यायचं? माझं उत्तर एकच: घ्या. बोअरला भरपूर पाणी लागलं असेल तरी घ्या.

आमची योजना प्रादेशिक आहे. गावागणिक वेगळी विहीर नाही. कन्हान नदीतल्या एका जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून, पाणी उचललं जातं, एकाच केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून प्रत्येक गावच्या टाकीत जातं. देखरेखीला सगळ्या ग्रामपंचायतींची मिळून शिखर समिती आहे.

पाण्याचा दर्जा स्वयंपाकघरात लगेच कळतो. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली यायची. नळाच्या पाण्यात वरण नुसत्या पळीनं घोटलं जातं. पाण्याचा जडपणा, म्हणजे डाळ शिजू न देणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरचा नमुना तपासून घेतला, तर तो 600 च्याही वर निघाला. आरओच्या कॅन विकत घेणं आमच्या घरी आता पूर्ण बंद आहे.

क्लोरीनबद्दल शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट दाखवायला सांगा. आमच्याकडचे भाऊ आनंदानं दाखवतात. छोट्या काचनळीत नळाचं पाणी घेतात, द्रावणाचे थेंब टाकतात, हलवतात आणि उजेडाकडे धरतात. पिवळी झाक आली की क्लोरीन आहे. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही, अगदी टोकाच्या नळावर करावी लागते, कारण तिथेही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं.

खरी अडचण या टोकाच्या नळाचीच आहे. माझी धाकटी जाऊ योजनेच्या शेवटच्या गावात राहते. आमच्याकडे पाणी सुटलं की अंगणातल्या नळाला जोरात धार असते. तिच्याकडे त्याच पाण्याला एक गुंड (हंडा) भरायला बराच वेळ लागतो. मधल्या गावांत नळालाच जोडून पाणी ओढणारे छोटे टिल्लू पंप लागले की तेवढंही जात नाही. मध्यंतरी पंचायतीनं पंप जप्त केले, त्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, आज धार बरी येऊन राहिली." आता पंप पुन्हा लागलेत. या बाबतीत मी योजनेला पाचपैकी दोनच गुण देईन आणि प्रत्येक गावच्या टाकीवर बल्क मीटर बसेपर्यंत ते वाढवणार नाही. कोणतं गाव किती पाणी घेतं हे आकड्यात दिसलंच पाहिजे.

दुसरा धोका पैशांचा. पंपाचं वीजबिल सगळ्यांच्या पाणीपट्टीतून भरलं जातं. एका गावची थकबाकी वाढली, बिल राहिलं आणि ऐन उन्हाळ्यात वीज कापली गेली. ज्यांनी वेळेवर पैसे भरले होते, त्यांचेही नळ कोरडे पडले. त्या वेळी बाकीच्या पंचायतींनी आपल्या निधीतून वाटा उचलला आणि पंप सुरू केले. हे मला फार मोलाचं वाटतं. थकलेल्या गावाचा व्हॉल्व्ह बंद करा, असं म्हणणारे बैठकीत होते, पण तसं झालं नाही. पुढे त्या गावानंही हप्त्यानं पैसे भरले. मात्र थकबाकीची यादी दर महिन्याला प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागावी, ही माझी मागणी कायम आहे.

आणि कूलर! जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज 55 लिटरचा आहे. चौघांच्या घराला झाले 220 लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात मोठा कूलर दिवसरात्र चालला तर त्यातलं किती पाणी उडून जातं, ते टाकी भरणाऱ्यालाच माहीत. बोअरच्या पाण्यानं कूलरचं गवत पांढरं आणि कडक होतं, हातात घेतलं की क्षारांचे पापुद्रे गळतात, म्हणून लोक नळाचा पाइप थेट कूलरमध्ये सोडतात. कृपा करून असं करू नका. गवत दरवर्षी बदलता येतं. 2019 च्या जुलैत खुद्द नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं होतं, तर आपल्या छोट्या योजनेकडे शिल्लक कुठून असणार? कूलर, गाडी, झाडं बोअरवर ठेवा. प्यायला आणि शिजवायला नळाचं वापरा.

अर्ज ग्रामपंचायतीत करा, घराचा नमुना 8 (ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा उतारा) आणि टॅक्सची पावती सोबत न्या. जमिनीतली टाकी बांधणार असाल तर तिला फ्लोट व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर टाकी भरल्यावरही पाणी वाहत राहतं आणि तेवढंच पुढच्या गावाला कमी पडतं.