म्हापशातल्या बाइंडरकडचं जॉब रजिस्टर : दहा महिने वापरून

हे रजिस्टर, म्हणजे कामं नोंदवायची वही, जिथे बांधून घेतली त्या दुकानाचं नाव इथे सापडणार नाही, मालकांनीच घालू दिलं नाही. "नांव घालूं नाका गो बाय, लोक येतले आनी हांव वेळार दिवंक शकचों ना," असं ते म्हणाले. वेळेवर न देण्याचं ते अगदी खरं बोलले, त्याबद्दल पुढे लिहितेच. गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात केळ्यांच्या रांगांमागे विचारत गेलात तर दुकान सापडेल. दुपारी एकला शटर खाली येतं ते चारशिवाय वर जात नाही, आणि शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत बोलायलाच मिळत नाही.

डिचोलीत घराच्या पडवीत माझं डिझाइनचं काम चालतं. मी आणि मदतीला एक मुलगा, एवढाच कारभार. लग्नपत्रिका, जत्रांची पोस्टरं, काजूचे बॉक्स, किनाऱ्यावरच्या शॅकची मेनूकार्डं, अधूनमधून एखाद्या रिसॉर्टचे बोर्ड. कामं छोटी, पण संख्येने पुष्कळ. वर्षाला दोनशेच्या आत-बाहेर. आणि अशा धंद्यात डिझाइन करण्यापेक्षा 'कुणाचं काय राहिलं' हे लक्षात ठेवण्यातच जास्त जीव जातो. ज्यांचा धंदा असाच आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी आम्ही एक ॲप वापरत होतो. परदेशी, दर माणशी दर महिना पैसे, रंगीत कार्डं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकवायची. दिसायला सुंदर. मला तर कार्डांचे रंग निवडण्यातच पहिला आठवडा गेला, डिझाइनर दुसरं काय करणार! पण आमची गिऱ्हाइकं बोलतात फोनवर, नाहीतर व्हॉट्सॲपवर तीन-तीन मिनिटांचे आवाज पाठवतात, मागे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत असतो. ते ऐकून, कळून, कार्डावर चढेपर्यंत संध्याकाळ. संध्याकाळी पाऊस, पावसात लाइट गेली, लाइटीबरोबर नेट. दुसऱ्या दिवशी आठवणीतून कार्ड भरायचं. ॲपचा दोष असा काही नव्हता, ते आमच्यासारख्यांसाठी बनलेलंच नव्हतं.

मग २०२५ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. एका मंडळाचं बॅनर दर वर्षी आमच्याकडेच असतं. त्यांनी जुलैत फोनवर सांगितलं, "गेल्या वर्षीसारखंच, चवथीआधी." मुलाने गेल्या वर्षीचं कार्ड उचललं, त्याची नक्कल केली, तारीख तशीच ठेवून नुसतं वर्ष बदललं. आता २०२४ ला चवथ होती ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. अकरा दिवसांचा फरक. ॲप निवांत होतं, त्याच्या हिशेबाने अजून वेळ होता. २४ तारखेला रविवारी सकाळी मंडळाच्या खजिनदारांचा फोन: "बॅनर खंय?" मी चहाचा कप तसाच ठेवला. चवथीआधीच्या शेवटच्या रविवारी फ्लेक्स छापणारा शोधणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. रात्री अकराला एकाने दुप्पट दराने छापून दिलं, वरचे पैसे माझ्या खिशातून गेले.

त्या आठवड्यातच मी ठरवलं की आता वही. साधी नाही, आपल्याला हवी तशी. संगणकावर बसून सुंदर पान केलं. दर पानावर एक काम, चौदा रकाने, करड्या बारीक रेघा, अक्षर सात पॉइंट. पीडीएफ काढली, वर प्रिंटही घेतली आणि बाइंडरबाबांकडे गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद पाहिला. मग एका रकान्यावर बोट ठेवलं. "हांगा कितें बरोवपाचें?"

तो रकाना 'प्राधान्य' होता. मी म्हटलं, काम किती घाईचं आहे ते लिहायचं, जास्त, मध्यम, कमी.

"सगळ्यांकच तांतड आसता गो," ते म्हणाले आणि बॉलपेनने त्यावर काट मारली. मग 'टप्पा' गेला. पान उघडलं की काम कुठवर आलंय ते दिसतंच, वेगळं लिहायचं कशाला? 'गिऱ्हाइकाचा प्रकार' हा रकाना मी स्वतःच खोडला, तोपर्यंत लाज वाटायला लागली होती. उरले अकरा. त्यांनी त्यातला 'कधीपर्यंत' हा रकाना दुभागला. त्यांनी विचारलं नाही, मीच चवथीची गोष्ट सांगितली होती, ती ऐकून त्यांनी मध्ये एक उभी रेघ ओढली. डावीकडे गिऱ्हाईक म्हणेल ते, उजवीकडे आपण काढलेली तारीख. म्हणजे डावीकडे 'लईराईच्या जत्रेआधी' आणि उजवीकडे पंचांग बघून वैशाख शुद्ध पंचमीच्या आठ दिवस आधीची तारीख. पैसे दिले त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच रेघ आहे.

आणखी एक धडा. मी समासात दहा मिलिमीटर सोडले होते. त्यांनी माझं बोट धरलं, ते पानावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, शिवणीकडे एवढं तरी सोड, नाहीतर अर्धा रकाना आत गडप होईल. मी आर्ट कॉलेजात शिकलेली, मेनूकार्डाला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना छाटली जाणारी जास्तीची जागा) न चुकता सोडणारी, आणि स्वतःच्या वहीची शिवण विसरले.

दोनशे पानं हवी होती. ते म्हणाले, दोनशे बसत नाहीत, सोळा पानांचे तेरा फर्मे (घडी घातलेले गठ्ठे) घे, दोनशे आठ होतील. शेजारच्या प्रेसमध्ये निळ्या एका रंगात पानं छापून आली, मग इथे घडी, शिवण, पाठीला कापड, वर जाड पुठ्ठा. खळीत ते मोरचूद घालतात, त्याने कसर लागत नाही. वही हातात घेतली की त्या खळीचा वास येतो, तो अजूनही थोडा आहे. शेवटी नंबरिंग मशीन: हातात धरायचं लोखंडी यंत्र, खट् खट् करत दर पानाच्या कोपऱ्यात आकडा मारतं. तोच आकडा आमचा जॉब नंबर.

रजिस्टर साडेसहाशे रुपये. सोबत शंभर खाकी लिफाफे घेतले, आतून कापडी अस्तराचे, कचेरीत फायलींसाठी असतात तसे, एक चौदा रुपयांना. एकूण दोन हजार पन्नास. ॲपला आम्ही दोघं मिळून वर्षाला याच्या कितीतरी पट भरत होतो.

वापरायची रीत अशी. फोन आला की वही उघडायची आणि बोलता बोलता पेननेच लिहायचं. पान ११४ म्हणजे काम ११४. लिफाफ्यावर ११४, संगणकातल्या फोल्डरचं नाव ११४ ने सुरू, बिलावर ११४, आणि गिऱ्हाइकालाही मेसेज जातो: 'तुमचं काम नंबर ११४.' आता शॅकवाले पण तसेच बोलतात, "एकशें चवदाचें कितें जालें?" पानाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे, तिथे बदल. तारीख टाकून एकेक ओळ. आधी आमच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं' अशा फायली नांदत असत. आता वहीत तिसऱ्या बदलाची ओळ असेल तर फाइलच्या नावातही तीनच, चौथी फाइल दिसली तर ती चुकीची.

तळाला मान्यतेची सही. मेनूकार्ड छापायला जाण्याआधी मी वही घेऊन जाते आणि 'बदल ३ मान्य' याखाली सही घेते. फोनवर सतरा वेळा 'हो हो' म्हणणारा माणूस पेन हातात आलं की थांबतो आणि वाचतो. नोव्हेंबरात एका शॅकवाल्याने पेन टेकवलं आणि म्हणाला, अरे, इसवणाच्या (सुरमईच्या) थाळीचा दर जुनाच राहिला की! चाळीस मेनूकार्डं वाया जायची वाचली. मार्चमध्ये दुसऱ्या एकाने बोर्डावरचा फोन नंबर आपण असा दिलाच नव्हता म्हणून आवाज चढवला. मी पान काढून समोर ठेवलं, त्याचीच सही. त्याने सही पाहिली, मग स्वतःच हसला आणि चहा मागवला. नवीन बोर्डाचे पैसेही दिले.

पैशांचा रकाना माझी स्वतःची भर, आणि याबाबत थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या धंद्यातले निम्मे लोक हे करतच नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या, तिला पैसे लागत नाहीत. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघू धंद्याचे पैसे, गिऱ्हाइकाने तयार काम स्वीकारल्यापासून, लेखी करारात मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत द्यावे लागतात, पण ती मुदत ४५ दिवसांवर जाऊ शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून नियम आला की मुदत चुकवली तर पैसे प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत देणाऱ्याला तो खर्च आयकरात वजा धरता येत नाही. रिसॉर्टच्या अकाउंट्सवाल्यांना कायद्याचं नाव सांगून फरक पडत नाही, वजावटीचं सांगितलं की लगेच पडतो. मी बिल दिलं की त्याच पानावर शेवटची तारीख लाल पेन्सिलीने लिहिते आणि पानाच्या कडेला लाल टिकली देते. वही बंद असली तरी कडेवर लाल टिकल्या किती ते दिसतं. पैसे आले की टिकली खोडरबराने जाते. मे महिन्यात एकदा कड नुसती गोवराने भरल्यासारखी दिसत होती.

आता तक्रारी. आठ दिवसांत देतो म्हणाले, तेवीस दिवस लागले. डिचोलीहून अस्नोड्यामार्गे बसने तीन खेपा, दर खेपेला "आयज ना, फाल्यां." चौथ्या खेपेला मिळाली. नंबरिंग मशीन एके ठिकाणी अडकलं, त्यामुळे ८६ दोनदा आला आहे आणि शेवटचं पान २०८ नाही, २०७ आहे. आम्ही एका पानाला ८६अ म्हणतो, पण त्या दोन्ही नंबरांवर नेमक्या लग्नपत्रिका आल्या आणि एकाची हळदीची वेळ दुसऱ्याच्या प्रूफात गेली. छापण्याआधी कळलं, देवाची कृपा. कागदावर जेल पेन फुटतं, बॉलपेनच वापरा. आणि पाऊस: जूनपासून पानं फुगली आहेत, पुठ्ठा किंचित वाकला आहे. मोरचुदाने कसर लागली नाही हे खरं, पण पाठीच्या कापडावर बुरशीची पांढरी झाक आली होती. मी ती कोरड्या फडक्याने पुसते आणि वही रात्री संगणकाच्या कपाटात ठेवते, तिथे थोडी ऊब असते.

सगळ्यात मोठी उणीव वहीची म्हणून असते तीच. शोधता येत नाही. 'ते काजूवाले, हिरवा बॉक्स' एवढ्यावर पान सापडत नाही. म्हणून मुलगा दर शनिवारी नंबर, नाव, काम आणि रक्कम एवढं एका साध्या शीटमध्ये भरतो आणि त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ठेवतो. वही पाण्यात पडली तर काय, हा प्रश्न मला आईने विचारला होता, त्याचं उत्तर ते फोटो.

तुमची माणसं वेगवेगळ्या गावांत बसून काम करत असतील तर हे घेऊ नका, एक वही दोन ठिकाणी असू शकत नाही. एकेक काम सहा-सहा महिने चालत असेल तरी एक पान पुरणार नाही. पण गिऱ्हाइकं गावातली, कामं छोटी, तारखा तिथीवर आणि तुमच्याबरोबर एखादाच मदतनीस, तर डोळे झाकून घ्या. मुलाला मी ॲप शिकवायला महिना घेतला होता. वही शिकवावीच लागली नाही.

आता आम्ही १७१ वर आहोत, पहिली वही संपत आली. गेल्या सोमवारी दुसरी सांगायला गेले. यावेळी रकाने तेच, फक्त कागद थोडा जाड आणि नंबर २०८ पासून पुढे. ८६ चं सांगितलं तर बाबांनी मशीन उचलून कागदावर चार-पाचदा खट् खट् केलं, मला आकडे दाखवले, सगळे बरोबर आले. मग मी विचारलं, कधी देणार?

"चवथ जातकच."

मी पिशवीतून वही काढली, पान १७१. डावीकडे लिहिलं: चवथ झाल्यावर. त्यांच्याच भिंतीवरचं पंचांग बघितलं. यंदा अधिक ज्येष्ठ, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला. उजवीकडे २१ सप्टेंबर टाकलं आणि खाली सहीसाठी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, सगळं पान वाचलं, २१ वर काट मारून ३० केलं, आणि मग सही केली.