ऑर्डरी जेवायच्या सुट्टीत का थांबायच्या?

आमच्याकडे एसएपी आहे, म्हणजे ऑर्डरी, साठा, हिशेब सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर. फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधींना मोबाइलवरून थेट ऑर्डर टाकता यावी, एवढीच आमची मागणी होती. ज्या व्हेंडरला काम दिलं त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं काय केलं ते मात्र लिहितो, कारण हाच प्रकार आणखी कुठेतरी चालू असणार.

डेमो फर्मास झाला. मालाचा साठा दिसला, ऑर्डर टाकली, नंबर आला. पण फोन त्यांचा, डेटाही त्यांचाच. ‘आमच्या टेस्ट सिस्टिमवर टाका, मी इथे बसून बघतो’ एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आयुष्य एसएपी सांभाळण्यात गेलेल्या माणसाला याची लाज जरा जास्तच वाटते.

काम सुरू झाल्यावर त्यांनी एसएपीत शिरायला युजर (लॉगिनचं खातं) मागितला तो डायलॉग प्रकारचा. अ‍ॅप आपणहून एसएपीशी बोलणार असेल तर सिस्टिम प्रकारचा युजर देतात, त्यानं स्क्रीनवर लॉगिन होत नाही. डायलॉग युजर असतो तो माणसाला बसून काम करायला. मी विचारलं, तर म्हणाले, “टेस्टिंगला सोपं जातं, लाइव्ह जाताना बदलू.” तो कधीच बदलला नाही.

लायसन्सचं काय, या प्रश्नाला ‘एका युजरवर भागतं’ हे उत्तर होतं, आणि ते मला गोड लागलं. २०१७ साली लंडनच्या हायकोर्टानं डियाजिओ कंपनीविरुद्धच्या खटल्यात एसएपीच्या बाजूनं निकाल दिला होता. बाहेरच्या अ‍ॅपमधून एसएपी वापरलं तरी तो वापरच, त्याला लायसन्स लागतं. एसएपीची मागणी ५ कोटी पाउंडांच्या वर होती. हे सगळं मला माहीत होतं. तरीही स्वस्तातलं उत्तर मिळाल्यावर मी पुढे विचारलं नाही.

लाइव्ह गेलो. ऑर्डर टाकली की अ‍ॅप एक ‘तात्पुरता क्रमांक’ द्यायचं. एसएपीचा खरा क्रमांक यायला तास-दोन तास, संध्याकाळची ऑर्डर असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. बीएपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमनं एसएपीकडून काम करून घ्यायची तयार सोय, तिला कॉल केला तर ऑर्डरचा क्रमांक त्याच उत्तरात परत येतो. त्यांचं म्हणणं, ‘क्यू लावलीय, सर्व्हरवर लोड नको.’ पटण्यासारखं होतं. क्यू लोक लावतातच.

मग प्रतिनिधींचे फोन सुरू झाले. अ‍ॅपमध्ये माल शिल्लक दिसतो, गोदामात नाही. साठ्याचे आकडे रात्रीच्या एका फाइलमधून येत होते. ती फाइल पाठवणारा जॉब मीच लावून दिला होता, ‘सुरुवातीच्या मास्टर डेटासाठी’ म्हणून.

एका संध्याकाळी वैतागून व्हीबीएके, म्हणजे एसएपीतलं ऑर्डरींच्या नोंदींचं टेबल उघडलं आणि अ‍ॅपच्या युजरनं बनवलेल्या ऑर्डरी वेळेनुसार लावल्या. सकाळी साडेनऊच्या आधी एकही नाही. मग ९.३४, ९.३६, ९.३९, ९.४१, अशा दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं. दुपारी एक ते पावणेदोन शुकशुकाट. सहानंतर पुन्हा काही नाही. दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. सर्व्हरला कसली आलीय जेवायची सुट्टी! ऑडिट लॉग (कोणत्या युजरनं काय केलं याची नोंद) बघितला तर प्रत्येक ऑर्डरीमागे व्हीए०१, म्हणजे हातानं ऑर्डर भरायची स्क्रीन. टर्मिनलची, म्हणजे कॉम्प्युटरची, नावं दोन, आलटून पालटून.

थोडक्यात, आमचं ‘रिअल टाइम इंटिग्रेशन’ म्हणजे व्हेंडरच्या ऑफिसात बसलेली दोन माणसं होती. अ‍ॅपमधून आलेली ऑर्डर वाचायची आणि आमच्या एसएपीत टाइप करायची. त्यांचा मला राग नाही, टायपिंग बऱ्यापैकी चोख होतं. पण प्रॉडक्शनचा, म्हणजे आमच्या खऱ्या चालू सिस्टिमचा, पासवर्ड दोन अनोळखी माणसांकडे होता आणि ग्राहकांचे दर, उधारीची मर्यादा, सगळं त्यांना दिसत होतं.

जाब विचारला तेव्हा व्हेंडरनं याला ‘हायब्रिड इंटिग्रेशन’ म्हटलं. करारात ‘मोबाइल अ‍ॅप एसएपीशी जोडणे’ असं लिहिलेलं. कसं जोडायचं, बीएपीआयनं की ओडेटा या वेबवरच्या मार्गानं, याचा उल्लेख नव्हता. शेवटचा हप्ता सोडून बाकी पैसे गेलेले. तो हप्ता अडवला आणि युजर लॉक केला.

सोर्स कोड मागितला तर तोही करारात नव्हता. अ‍ॅपची सायनिंग की, म्हणजे त्यावर डिजिटल सही करायची किल्ली, त्यांच्याचकडे. वेगळ्या कीनं सही केलेलं अपडेट अँड्रॉइड जुन्या अ‍ॅपवर चढूच देत नाही, त्यामुळे दुसऱ्या डेव्हलपरकडून अ‍ॅप पहिल्यापासून करून घेतलं, नव्या पॅकेज नावानं, म्हणजे फोनच्या लेखी ते वेगळंच. या वेळी आधी सिस्टिम युजर दिला आणि टेस्ट सिस्टिमवर रात्री अकरा वाजता ऑर्डर टाकायला लावली. पाच सेकंदांत क्रमांक आला.

जुनं अ‍ॅप काढून टाका, असं सगळ्यांना दोनदा कळवलंय. तरी काहींच्या फोनवर दोन्ही आयकॉन शेजारी शेजारी आहेत. परवा एकानं चुकून जुन्यात ऑर्डर टाकली. हिरव्या अक्षरात ‘ऑर्डर यशस्वी’ आलं, तात्पुरत्या क्रमांकासकट.