भोकं पाडलेला सायलेन्सर की धार लावलेली चेन?

रावेर-यावलकडे बाभूळ तोडायची तर चेनसॉला, म्हणजे इंजिनाच्या करवतीला, जोर हवाच. सायलेन्सरला भोकं पाडली की जोर थोडा वाढतो, हे खरं. पण धूर मोकळा सुटला की इंजिन हवा जास्त ओढतं. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला नाही तर पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच असतं, म्हणजे तेही कमी! मे महिन्यातल्या ४५ अंशांत मग पिस्टन जाम व्हायला कितीसा वेळ? ठिणगी अडवणारी जाळीही काढली असेल, तर सातपुड्याच्या वाळक्या पाल्यात आगीची भीती. वॉरंटी जाते ती वेगळीच. कानांचं तर बोलूच नका.

मूळ मशीन मंद वाटते? आधी चेनला कानस मारून बघा. भुगा पिठासारखा पडत असेल तर दोष बोथट दातांचा.