गिरणीत चुंबक कुठला बसवावा: काळा फेराइट की निओ?

धान्यात-पिठात आलेलं लोखंड धरायला गिरणीत चुंबक बसवतात, काळा फेराइट नाहीतर निओ, म्हणजे निओडायमियमचा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चुंबकाच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती गॉसचा देऊ?" गॉस म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप. मावसभावाच्या भांडुपच्या पिठाच्या गिरणीसाठी गेलो तेव्हा मीही त्या आकड्याला भुललो. तो आकडा चुंबकाच्या अंगालगतचा असतो. बोटभर लांब गेलं की धडाधड उतरतो. आधी ठरवायचं ते हे की चुंबक वर हॉपरमध्ये, म्हणजे धान्य ओततात त्या पेटीत बसणार की खाली पीठ पडतं तिथे?

हॉपरमध्ये येतं ते धान्य, आणि त्यातून निघतो खिळा नाहीतर तारेचा तुकडा. त्याला फेराइट पुरतो. लोखंडाचा ऑक्साइड स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमबरोबर भाजून केलेली ही काळी खापरी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडच्या फिलिप्सने पुढे आणली. मुळातच ऑक्साइड, म्हणजे गंजून झालेलीच म्हणा ना. आपल्या खाऱ्या हवेचं तिला काही नाही. स्वस्तही आहे. जाड ठोकळा घ्या, ओढ लांबवर पोचते. हातातून पडला तर बशीसारखा फुटतो, एवढं सांभाळा.

खाली मामला वेगळा. जात्याच्या दगडांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीने ते खडबडीत केले, की पहिल्या दळणात लोखंडाचा बारीक कीस येतो. कण जितका बारीक तितकी त्याच्यावरची ओढ कमी, आणि पिठाचा लोट त्याला सोबत नेतो. चाळणीची तुटलेली तार तर आणखी फसवी: ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील एरवी चुंबकाला चिकटत नाही, पण ओढून तार काढताना त्यात थोडं चुंबकीय रूप तयार होतं. फेराइट तिला सोडून देतो, निओ बऱ्याचदा धरतो. चुंबकाची ताकद त्यात साठलेल्या ऊर्जेवरून मोजतात: फेराइटची ३ ते ४ मेगागॉस-ओर्स्टेड, निओची ३५ ते ५०, दसपट फरक. सामेरियम-कोबाल्टचे चुंबक आधीपासून होते, पण कोबाल्ट महाग. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी वेगवेगळे प्रयत्न करून निओडायमियम, लोखंड आणि बोरॉनचा मेळ जमवला, तोच निओ.

मात्र निओचे नखरे आहेत. निकेलचा मुलामा सोलला की गंजतो, म्हणून पिठाजवळ स्टीलच्या बंद नळीतलाच घ्या. दुसरं म्हणजे उष्णता. साध्या 'एन' ग्रेडची मर्यादा साधारण ८० अंश. भावाकडच्या पोऱ्याने नळी स्वच्छ व्हावी म्हणून उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली. नंतर खिळासुद्धा ढिला धरायला लागली. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिअर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडलं तसं चुंबकाच्या आत एका दिशेला वळलेले भाग असतात. तापल्यावर निओतल्या या भागांना उलटं वळणं सोपं जातं, आणि वळलेले थंड झाल्यावर आपोआप परत फिरत नाहीत. फेराइट असता तर उकळत्या पाण्याने काही बिघडलं नसतं; तापला की त्यातल्या भागांचा उलटं वळायला असलेला विरोध कमी न होता थोडा वाढतो. निओच हवा तर 'एसएच' ग्रेडचा मागा, १५० अंशांपर्यंत टिकतो. अशा ग्रेडमध्ये बहुधा डिस्प्रोशियम हा धातू घालतात, आणि एप्रिल २०२५ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवाना लावलाय.

माझं मत: वर फेराइटचा ठोकळा, खाली निओच्या दोन नळ्या. फक्त एकाचेच पैसे असतील तर निओ, पण खाली.

घेताना काउंटरवरच स्टीलची गोळी चिकटवून स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघा, सुटतानाचा आकडा बिलाच्या मागे लिहा. सहा महिन्यांनी तीच गोळी, तोच काटा; आकडा घटला तर चुंबकाचा जोर उतरला समजा.