रिटर्न टू द ३६ चेंबर्स : ओरिजिनल सीडी घेतली, महिनाभर गाडीत ऐकली

ओल डर्टी बास्टर्ड म्हणजे ओडीबी, वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप ग्रुपमधला सगळ्यात बेभरवशाचा माणूस, त्याचा हा १९९५ चा पहिला सोलो अल्बम. माझ्याकडे हा आधी होता, डोंबिवलीचा मावसभाऊ एकदा गणपतीला येताना एमपी३ ची सीडी करून घेऊन आला होता, त्यात वू-टँगवाल्यांचं मिळेल ते सगळं कोंबलेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतलं अख्खं कपाट गेलं आणि त्यात तीही गेली. चिखल उपसताना कव्हर हाताला लागलं, मार्करने लिहिलेलं ‘वू’ तेवढं वाचता येत होतं. गाणी फोनवर आहेतच ओ, पण मला ती वस्तू घरात हवी होती, म्हणून यंदा सेकंड हँड ओरिजिनल मागवली, शिपिंग धरून अकराशेला पडली.

पॅकिंग बेकार. कुरिअरवाल्याने भर पावसात गेटवरून आत टाकलं, केसची बिजागरी तुटली, फोन केला तर ‘डिलिव्हर्ड दाखवतंय’ एवढंच उत्तर. सीडीवर मात्र एक चरा नाही, सतराच्या सतरा ट्रॅक नीट वाजतात.

कव्हर फोनवर बघून काही कळत नाही, हातात घेऊन बघा. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाचं ओळखपत्र आहे ते, त्यावर त्याचाच फोटो. आपल्याकडे कोणी पहिल्याच अल्बमवर घरचं पिवळं रेशनकार्ड छापावं तसं. त्याच वर्षी एमटीव्हीचा कॅमेरा सोबत घेऊन हा लिमोझिनमधून मदतीचा चेक वटवायला गेला होता. लोकांनी ते तमाशा म्हणून बघितलं. मला ते कार्ड बघून पोटात कालवतं, कारण गरिबी लपवायची नाही हे ठरवायला छाती लागते.

आता आवाज. ग्रुपच्या १९९३ च्या पहिल्या अल्बममध्येच ग्रुपमधलाच मेथड मॅन ओडीबीच्या नावाचा अर्थ सांगतो, की याच्या स्टाईलला बापच नाही. खरंय ते. हा धड रॅप करत नाही, धड गात नाही, मध्येच रडतो, मध्येच ओरडतो, ‘गोइंग डाऊन’मध्ये तर घशातून इतका वेळ घरघर काढतो की पहिल्यांदा मला स्टिरिओ बिघडला वाटलेलं. पण ‘शिमी शिमी या’ ऐका, पियानोचे चार-दोन सूर आणि तेच कडवं दोनदा, तरी दुसऱ्यांदा ऐकताना ते पाठ झालेलं वाटत नाही, तालाच्या जरासा मागे पडतो आणि बरोब्बर जागेवर येऊन आदळतो. आमचे काका जाखडीत, म्हणजे कोकणातल्या लोकनाचात, गायचे, शक्ती-तुऱ्याचा सामना रात्रभर चालायचा आणि पहाटे आवाज बसला की ते अर्धं बोलून अर्धं गाऊन समोरच्याला उत्तर द्यायचे, तेव्हाच त्यांचं सगळ्यात भारी ऐकायला मिळायचं. ओडीबीचा आवाज मला तिथे घेऊन जातो. ‘डॅमेज’मध्ये तो आणि त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ आणि ग्रुपमधलाच रॅपर जीझा एकमेकांच्या तोंडातली ओळ काढून घेतात ना, परशुराम घाट चढताना मी ते सलग तीनदा लावलं.

आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे, की याला सोलो म्हणतात पण हा सोलो नाहीच. बहुतेक बीट्स आरझाचे, म्हणजे ग्रुपचं संगीत करणाऱ्याचे, तोही नात्यातलाच, ग्रुपमधले मेथड मॅन, रेक्वॉन, मास्टा किला सगळे येऊन जातात. त्यांच्या करारातच होतं की ग्रुप एका कंपनीकडे राहील पण प्रत्येकाने सोलो अल्बम वाटेल त्या कंपनीकडे करावा, म्हणून हा इलेक्ट्राकडे गेला, पण मागे झील धरायला सगळं मंडळ उभं होतं. झील धरणारे असले की बुवा कितीही भरकटू दे, गाणं जागेवर येतं.

पुढे तसं राहिलं नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रुकलिनमध्ये गाडीखाली अडकलेल्या चार वर्षांच्या पोरीला बाहेर काढायला हा धावला, बाकीच्यांसोबत गाडी उचलली, मग खोटं नाव सांगून हॉस्पिटलात तिला बघायला जायचा. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर त्याच महिन्यात ग्रॅमीच्या स्टेजवर दुसऱ्याच्या बक्षिसाच्या वेळी चढून माईक घेतला ते. १९९९ ला दुसरा अल्बम, त्यातलं गायिका केलिससोबतचं ‘गॉट युअर मनी’ गाजलं, आणि सोबत अटका, कोर्ट, ड्रग्ज. २००० मध्ये रिहॅबमधून पळाला, फरार असतानाच न्यूयॉर्कमध्ये वू-टँगच्या शोला स्टेजवर येऊन गायला आणि नंतर फिलाडेल्फियात मॅकडोनाल्ड्सबाहेर पकडला गेला. मग तुरुंग, २००३ ला सुटका, रॉक-अ-फेला या रेकॉर्ड कंपनीसोबत नवा करार. १३ नोव्हेंबर २००४ ला आरझाच्या स्टुडिओतच कोसळला, ड्रग्जचा ओव्हरडोस. दोन दिवसांनी छत्तिसावा वाढदिवस होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही लावलंच नाही.

एक स्टार मी कापतोय, कारण बायकांबद्दलचं बरंच बोलणं घाण आहे आणि मला ते ऐकवत नाही, मोठा आवाज आहे म्हणून ते माफ होत नाही. सुरुवातीची चारेक मिनिटं नुसती बडबड आहे, घरात पोरं असतील तर तिथूनच सांभाळा. नवीन ऐकणाऱ्याने थेट ‘ब्रुकलिन झू’ लावावं, मग ‘रॉ हाइड’, मग ‘स्नेक्स’, आणि नंतर पहिल्यापासून सगळं. हेडफोनपेक्षा गाडीत ऐका, बेसला जागा लागते.

केस फेविक्विकने चिकटवलीय, टिकलीय. दुसऱ्या अल्बमची सीडी कोणाकडे असेल तर सांगा, कव्हर फाटलेलं चालेल, चिपळूण-गुहागर पट्ट्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.