लोड सेल सांगून साधं पेडल गळ्यात मारलं, २८,६५० रुपये गेले

सरळ आकडे देतो. कॉम्प्युटरवरच्या कार रेसिंग गेमसाठी वापरलेला व्हील-पेडल सेट (स्टीअरिंग आणि पायाची पेडलं) २२,५०० रुपये, कुरिअर १,३५० आणि नंतर ‘बोर्ड बदलायचा’ म्हणून ४,८००. एकूण २८,६५० रुपये. लिहितानाही लाज वाटते, पण वाचून एक जण जरी थांबला तरी लिहायलाच हवं.

विकणाऱ्याची गोष्ट नेहमीचीच. घर बदलतोय, रिग (सीट, व्हील, पेडलं बसवलेला सांगाडा) ठेवायला जागा नाही, आणखी दोघे मागे लागलेत, ५,००० टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी थांबतो. ही भाषा आपण सगळेच ओळखतो, मीही ओळखतो. पण मी सावध होतो तो पैसे घेऊन गायब होणाऱ्यापासून. ह्याने माल वेळेवर पाठवला, माल चालूही झाला, आणि तिथेच माझा संशय मेला.

आणि मी नवशिका नाही. जुन्या सेटच्या ब्रेकचा आकडा उड्या मारू लागला की पेडल उघडून पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारणं, स्प्रिंग पुसून ग्रीस लावणं, पुन्हा कॅलिब्रेट करणं, हे वर्षानुवर्षं स्वतः करतोय. पॉट म्हणजे पोटेन्शियोमीटर. त्यातली पट्टी घासत जाते, क्लीनरने काही महिने निघतात, पुन्हा तेच. म्हणून तर लोड सेलचा ब्रेक हवा होता. पॉट पेडल किती खाली गेलं ते मोजतो, लोड सेल पायाचा जोर मोजतो, आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त नीट लक्षात राहतो. जास्तीचे पैसे मी त्या एका गोष्टीसाठी दिले.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. व्यवहाराच्या आदल्या रात्री त्याने पेडलच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. गंज आहे का पाहिलं, स्क्रूची डोकी झिजलीत का पाहिलं. ब्रेकच्या सेन्सरकडून येणाऱ्या वायरी त्यात स्पष्ट दिसत होत्या. तीन वायरी! साध्या लोड सेलला चार असतात, दोन पुरवठ्याच्या, दोन सिग्नलच्या, आणि त्या सिग्नल मोठा करणाऱ्या एका छोट्या अॅम्प्लिफायर बोर्डाकडे जातात. पॉटला तीन. हे मला माहीत होतं. फोटो समोर होता आणि मी मोजल्या नाहीत. चार मोजायला किती वेळ लागतो?

त्याने पाठवलेल्या व्हिडिओतही खूण होती. पाय दाबताच स्क्रीनवरची ब्रेकची पट्टी १०० वर गेली आणि तिथेच चिकटली. खरा लोड सेल नीट कॅलिब्रेट केलेला असेल तर पेडल जवळपास न हलताही जोर वाढवला की आकडा वाढत जातो. ह्याने पेडलमागे कडक रबर कोंबून ते जड केलं होतं, एवढंच. वर सगळं गेममध्ये दाखवलं, डेडझोन (सुरुवातीचा जो दाब गेम मोजतच नाही तो) वाढवून. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत कच्चा अॅक्सिस, म्हणजे पेडलकडून येणारा मूळ आकडा, दाखवा, असं मी म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणा. पाय आणि स्क्रीन एकाच अखंड व्हिडिओत मागा, डेडझोन शून्य ठेवून.

माझ्याकडे सेट जोडल्यावर पाय उचललेला असतानाही ब्रेक ३-४ टक्के दाबलेला दिसायचा. गेममध्ये सरळ रस्त्यावर गाडी मागे पडायची आणि मी दोष गाडीच्या सेटअपला देत बसलो. त्याला विचारलं तर म्हणाला, “दादा, लोड सेल आहे, पंधरा दिवस चालवा, बसेल.” लोड सेल असा ‘बसत’ नसतो. परत करायची मुदत ७ दिवसांची होती, ती ह्या वाक्यात गेली. मग म्हणाला, अॅम्प्लिफायर बोर्ड गेलाय, ४,८०० पाठवा, नवा देतो, पण उघडू नका, वॉरंटी जाईल. मी पाठवले. आधीचे २२,५०० वाया जाऊ नयेत म्हणून पाठवले, दुसरं कारण नाही. बोर्ड आला नाही, फोन बंद झाला. मग उघडलं. आत एक जुना, घासलेला पॉट. कोणी ‘उघडू नका’ म्हणालं तर त्याच दिवशी उघडा.

पुढचा ताप वेगळाच. ज्या साइटवर व्यवहार झाला त्यांनी मुदत संपली म्हणून तक्रार बंद केली. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, आमचा संबंध नाही. पोलीस ठाण्यात सव्वादोन तास बसलो. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद.” ४,८०० रुपयांचं तर काहीच मिळालं नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यावर प्रश्न आला, “म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेम ना?” पैसे काय मुलांचे होते? खेळणं म्हटलं की चोरी लहान होते का? तिथून ग्राहक तक्रारीकडे पाठवलं, तिथे सांगितलं की विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे, आमच्याकडे बसत नाही. चार ठिकाणी तेच कागद, त्याच चॅटच्या प्रिंट, तीच गोष्ट पहिल्यापासून. प्रत्येकाला ती दुसऱ्याची जबाबदारी वाटली. पोचपावती तेवढी लेखी मागून घ्या, मी पहिल्या ठिकाणी मागितली नाही आणि पुढे त्यावरूनच अडलो.

हो, व्हीलचंही सांगायचं राहिलं. जोरात दोन-चार वळणं घेतली की त्याचा मध्य सरकतो. व्हिडिओत त्याने ते दहा सेकंदच फिरवलं होतं. वापरलेलं व्हील किमान पंधरा मिनिटं सलग चालवून दाखवायला सांगा, मग सरळ धरून आकडा शून्यावर आहे का बघा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, किंमत २१,०००, फोटो तोच. पेडलच्या उजव्या कोपऱ्यावर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे आणि ब्रेकखालून तीन वायरी निघतात. मी साइटला कळवलं. उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते. ती अजून चालू आहे.